दोन फुटांची मेहेरबानी

आमच्या कारखान्यात निर्णय दोन ठिकाणी व्हायचे. सोमवारी सकाळी कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर आकडे झळकायचे, इडली-वडा फिरायचा आणि सगळे माना डोलवायचे. शनिवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर मात्र ते खरोखर व्हायचे. मला पहिलंच ठिकाण ठाऊक होतं. दुसऱ्याचा पत्ता लागायला बरीच वर्षं गेली.

कारखाना श्रीपेरुंबुदूरला, मोटारींच्या ब्रेकचे भाग बनवणारा. मी तिथे गुणवत्ता विभागाची प्रमुख. मूळची सांगलीची; लग्न करून चेन्नईत आले ती इथलीच झाले. नवरा तंजावरी मराठी घरातला, सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं ऑफिस शहराच्या एका टोकाला, माझा कारखाना दुसऱ्या, म्हणून घर मधोमध पोरूरला. म्हणजे दोघांचीही सारखीच गैरसोय.

माझ्या विभागाचा जीव एका खोलीत होता. काचेची, थंड, उंदराचंही पाऊल वाजणार नाही अशी मोजमापाची खोली. ब्रेकचा तुकडा केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी फरकाने चुकला तरी तिथे पकडला जायचा. एका सोमवारी पडद्यावर कारखान्याचा नवा नकाशा आला आणि मला दिसलं की माझ्या खोलीच्या जागी 'पाहुण्यांचं दालन' लिहिलंय. माझी खोली गेली होती प्रेस शॉपला खेटून. प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर दिवसभर मोठमोठाले ठोके पडतात. तिथे पाण्याचा ग्लास ठेवला तर पाण्यावर वर्तुळं उठतात.

"हे कधी ठरलं?" मी विचारलं.

"शनिवारी," फायनान्सचे प्रमुख म्हणाले. "सातव्या ग्रीनवर."

संसदेत ठराव पास झाला म्हणावं तसं ते म्हणाले. डायरेक्टर साहेब वडा सांबारात बुडवत होते. मी हादऱ्यांबद्दल लांबलचक मेल लिहिली. उत्तर आलं, 'नोटेड.' महिन्याभरात खोली हलली आणि माझी माणसं दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास रोखून मापं घ्यायला शिकली. बाळ झोपेत कूस बदलतंय तोवर नखं कापावीत, तशी.

शनिवारच्या त्या मंडळात चार जण असायचे: डायरेक्टर, फायनान्स, खरेदी आणि प्रॉडक्शन. आम्ही बाकीचे त्यांना चौकडी म्हणायचो. आधीचा शब्द मनात ठेवायचो. पुढे प्रॉडक्शनच्या प्रमुखांची बदली झाली आणि चौकडीत एक जागा मोकळी झाली. मी कँटीनमध्ये, डायरेक्टर ऐकतील इतक्या बेताने, म्हणाले, "मी गोल्फ शिकतेय."

खरेदीप्रमुखांचा हात रसमच्या वाटीवर थांबला. "मॅडम, ऊन फार असतं हो तिथे."

"प्रेस शॉपमध्ये पण उकडतं, सर."

डायरेक्टर साहेबांचा चेहरा मात्र उजळला. मुख्य कार्यालयातून नुकतंच एक परिपत्रक आलं होतं, महिलांना पुढे आणा म्हणून. कुठे पुढे, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. साहेबांना उत्तर सापडलं. "वाय नॉट! अगदी या. तीन महिन्यांनी आमच्याबरोबर खेळा." अशा रीतीने परिपत्रकाच्या दोरीला धरून मी चौकडीत उतरले. त्या वेळेपर्यंत मी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती.

क्लब शहराबाहेर होता. मोर फिरायचे, हिरवळ इतकी तजेलदार की टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने पाहिली तर त्याला रडू यावं. तिथे शिकवणारे गुरुजी मला रोज कंबर वळवायला सांगायचे. मी वळवायचे. चेंडू मात्र सांगलीकरांच्या स्वाभिमानाने जागचा हलायचा नाही, हलला तर बाजूच्या झुडपात जायचा. तीन महिन्यांनी क्लबने मला हँडिकॅप दिला: छत्तीस. ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हँडिकॅप म्हणजे तुमच्या अडाणीपणाबद्दल तुम्हाला मिळणारी सूट. अठरा होल संपवायला तुम्ही जे फटके मारता, त्यांतून तेवढे वजा करतात. खेळ सुधारला की सूट कमी होते, आणि ती कमी झाल्याचा लोक पेढे वाटण्याइतका आनंद मानतात. छत्तीस म्हणजे जवळपास सहानुभूती. लग्नात माझे छत्तीस गुण जुळले नव्हते, ते इथे जुळले.

डायरेक्टर साहेबांचा हँडिकॅप चौदा होता. ते हा आकडा रक्तगटासारखा सांगायचे.

लांब मारणं आपल्याला जमणार नाही हे मला लवकरच कळून चुकलं. पण मोजमाप हा माझा धंदा. एका रविवारी मी माझ्या फटक्यांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की जवळपास निम्मे फटके मी होलच्या भोवतालच्या कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, घालवतेय. तिथे पटर नावाच्या चपट्या काठीने चेंडू नुसता ढकलायचा असतो. त्याला पट म्हणतात. गंमत अशी, की दोनशे मीटर उडवलेला फटका मोजणीत एक आणि वीतभर ढकललेला पटही एकच. या खेळात मला दिसलेली ही एकमेव समानता. ताकद लागत नाही, खांदे लागत नाहीत, पुरुष असावं लागत नाही. मी ठरवलं, हँडिकॅप इथूनच उतरवायचा.

घरी हॉलमध्ये सराव सुरू झाला. सतरंजीच्या टोकाला कॉफीचा टंबलर आडवा ठेवायचा आणि त्यात चेंडू घालायचा. माझ्या सासूबाई सोफ्यावर बसून तमिळ मालिका बघायच्या. त्यांची मराठी बखरीतून उठून आल्यासारखी आणि हेल पक्का तमिळ.

"अगे, हें काय मांडिलंस?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"खेळ आहे, अम्मा. चेंडू टंबलरमध्ये घालायचा."

"कशास्तव?"

"कारखान्यातली माझी खोली परत मिळावी म्हणून."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ही फार मोठी गोष्ट होती. मग चेंडू सोफ्याखाली जाईपर्यंत त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली त्यांनी घेतली. मग तूं त्यांच्या घरीं जाऊन भांड. टंबलरानें काय केलें?"

नवऱ्याचा उत्साह वेगळा. त्याने चेंडूची वाट लाल रेघेने दाखवणारं एक यंत्र मागवलं. त्याबरोबर एक ॲप आलं, जे प्रत्येक पट हुकल्यावर 'तुमचा प्रवास सुरू झाला आहे' असं सांगायचं. दोन दिवसांत तो त्या ॲपशी तमिळमध्ये भांडायला लागला आणि यंत्र कपाटात गेलं. त्याने शंभर व्हिडिओही पाठवले. एका गोऱ्या माणसाचं म्हणणं होतं की पट मारण्याआधी आपण नदी आहोत अशी कल्पना करावी. मी पोरूरला राहते. नदी म्हटल्यावर अड्यार डोळ्यांपुढे येते आणि तिचा वास. मी ती कल्पना सोडली.

कामाला आल्या त्या साध्या गोष्टी. लांबच्या पटात दिशेपेक्षा अंतर महत्त्वाचं. दिशा हातभर चुकते, अंतर दोन हात. म्हणून पहिला पट होलमध्ये जाण्यासाठी नव्हे, होलच्या शेजारी झोपण्यासाठी मारायचा. तीन फुटांचा पट मात्र रोज, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. मारल्यावर मान वर करायची नाही; चेंडू पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा. मान वर करण्याची खोड जायला मला सगळा उन्हाळा लागला. आणि पहाटे दंव असतं तेव्हा चेंडू पावलं ओढतो, ऊन चढलं की सुटतो, हेही मी पायांनीच शिकले.

पहिल्या शनिवारी मी चौकडीबरोबर खेळायला गेले. डायरेक्टर साहेबांनी चेंडू ग्रीनवर आणला आणि तो होलपासून माझ्या एका पावलावर थांबला. साहेब पटर घेऊन पुढे निघाले, तोच खरेदीप्रमुख गोड आवाजात म्हणाले, "दॅट्स गुड, सर!" साहेबांनी चेंडू उचलून खिशात घातला. मी बघत राहिले. होलमध्ये चेंडू गेलाच नव्हता.

"याला गिमी म्हणतात," फायनान्सप्रमुखांनी समजावलं. "इतका जवळचा पट जाणारच. मग उगाच वेळ कशाला घालवायचा? दिला म्हणायचं आणि पुढे जायचं."

माझा चेंडूही साधारण तेवढ्याच अंतरावर होता. मी वाकून उचलायला गेले.

"नाही नाही, मॅडम," खरेदीप्रमुख म्हणाले, "तुम्ही मारा. तेवढीच प्रॅक्टिस होईल तुमची."

त्या सकाळी मला कोणी काही दिलं नाही. साहेबांना मात्र ग्रीनमागून ग्रीन मिळत गेलं. सुरुवातीला अंतर पावलाचं होतं. मग काठीएवढं झालं. पुढे साहेबांचा चेंडू ग्रीनवर आला की खरेदीप्रमुखांना आपोआप कंठ फुटायचा. एकदा तर चेंडू अजून गडगडत होता आणि मागून 'गुड, सर' आलं. चेंडू पुढे जाऊन उताराने दूर निघाला, तो साहेबांनी धावत जाऊन उचलला. क्लबच्या कार्डावर हे सगळे पट गेल्याची नोंद व्हायची. साहेबांच्या हँडिकॅपमधल्या चौदापैकी किती खरे आणि किती खरेदी विभागाकडून पुरवलेले, हे सांगणं कठीण होतं.

मला याचा राग यायला हवा होता आणि पहिले काही शनिवार आलाही. पण मग लक्षात आलं, की या माणसांनी मला फुकट शिकवणी लावलीय. मी प्रत्येक पट मारत होते. ते तिघं मारत नव्हते. कारण साहेबांना दिल्यावर साहेब उदार होऊन यांना द्यायचे आणि हे एकमेकांना द्यायचे. वर्षभर ते एकमेकांचे पट माफ करत राहिले. माझा हँडिकॅप तीसवर आला, मग सत्तावीसवर. दिवाळीनंतर चोवीस झाला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कमी झालें म्हणून हांसतेस? पगारही असाच कमी करून देतील. हुशार हो."

खरेदीप्रमुखांनी माझ्या प्रगतीची दखल घेतली. "मॅडमचं पटिंग छान आहे," ते सोमवारी सगळ्यांना सांगायचे, मॅडम रांगोळी छान काढतात अशा सुरात.

माझ्या खोलीचं मात्र काही होत नव्हतं. एका शनिवारी नवव्या होलजवळ इळनीर, म्हणजे शहाळं, पिताना मी विषय काढला. साहेबांनी नारळ खाली ठेवला आणि मायेने म्हणाले, "मॅडम, एक नियम पाळू या. मैदानावर ऑफिस नको." त्याच्या आधी पाचव्या होलवर तिघांनी मिळून रंगाचा पुरवठादार बदलला होता आणि सहाव्यावर एका माणसाची बढती अडवली होती. ऑफिस नको म्हणजे माझं ऑफिस नको, हे मला कळायला तो नारळ पुरला. आत बसायला मिळालं म्हणजे बोलायला मिळतं असं नाही, हे मी तिथे उभ्या उभ्या शिकले. अगदी खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गोल्फ सोडणार होते. सोडलं नाही, कारण तोवर मला चेंडू होलमध्ये पडतानाचा आवाज आवडायला लागला होता. त्याचा साहेबांशी काही संबंध नव्हता.

मार्गळी या तमिळ महिन्याच्या थंडीत, म्हणजे चेन्नईत ज्याला थंडी म्हणण्याची पद्धत आहे त्या दिवसांत, कंपनीने पुरवठादारांसाठी स्पर्धा ठेवली. कोरियाहून मुख्य कार्यालयाचे एक वरिष्ठ पाहुणे आले होते. साठीचे, बारीक, बोलणं कमी. साहेबांनी त्यांना अर्थातच आपल्या गटात घेतलं. चौथी म्हणून मला, कारण ते परिपत्रक याच पाहुण्यांच्या सहीने आलं होतं. फायनान्सप्रमुखांना दुसऱ्या गटात जावं लागलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

पहिल्या ग्रीनवर साहेबांचा चेंडू होलपासून दोन फुटांवर थांबला. खरेदीप्रमुख सवयीने म्हणाले, "दॅट्स गुड, सर!" आणि साहेब वाकले.

पाहुणे ध्वजाची काठी हातात धरून उभे होते. ते हलले नाहीत. "प्लीज," ते अतिशय नम्रपणे म्हणाले आणि मोकळ्या हाताने होल दाखवलं. स्पर्धेत प्रत्येक चेंडू होलमध्ये घालावाच लागतो; हा नियम क्लबच्या भिंतीवर लावलेला होता आणि आमच्यापैकी तो फक्त त्यांनी वाचला होता.

साहेब हसले. "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." पटर हातात घेतला. दोन फूट म्हणजे काही नव्हे. माझ्या सतरंजीवर सासूबाईंच्या पायाला लागून परत आलेला चेंडूही तेवढ्यावरून मी घालायचे. साहेबांनी घाईने ढकलला. चेंडू होलच्या काठाला वळसा घालून पलीकडे तेवढाच दूर गेला. त्यांनी तो परत मारला. तो अलीकडे आला. एक मोर ओरडला आणि खरेदीप्रमुखांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुरवठादार असता तर त्याचं कंत्राट गेलं असतं.

"ग्रीनच खराब आहे," ते म्हणाले. "काल गवत नीट कापलेलं नाही, सर."

त्याच ग्रीनवर मी पाच फुटांवरून एका पटात चेंडू घातला होता. पण ते मी बोलले नाही. मार्गळीत पुण्य करावं म्हणतात.

पुढच्या ग्रीनवरही तेच. आणि त्याच्या पुढच्याही. मी कबूल करते, पहिले काही होल मला मनातून उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांच्या 'गुड, सर'चं व्याज चेंडू एकरकमी वसूल करत होता. पण दहाव्या-बाराव्या होलपर्यंत साहेब एकेका पटाआधी पटर चार-चार वेळा पुसायला लागले. शर्ट पाठीला चिकटलेला. हा माणूस बाराशे कामगारांसमोर माइकशिवाय बोलायचा, आणि इथे वीतभर अंतरावर ठेवलेल्या पांढऱ्या चेंडूपुढे उभा राहून त्याला श्वास घेता येत नव्हता. त्याने गेल्या कित्येक वर्षांत असा पट मारलाच नव्हता. मारू दिलाच नव्हता कोणी. एका ग्रीनवर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या ओठांवर 'दॅट्स गुड' आलं. खरंच आलं. मी दुसरीकडे बघायला लागले. त्यांनी मारला, तो हुकला.

पंधराव्यावर ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाकडे बघता मारताना?"

"कुठेच नाही, सर. ऐकते."

त्यांना वाटलं मी टोमणा मारला. तसा तो नव्हता.

जेवणाच्या वेळी बक्षिसं झाली. सर्वांत कमी पट घेणाऱ्याचं बक्षीस मला मिळालं. खरेदी विभागाने बक्षिसं आणली होती आणि जिंकणारा पुरुषच असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती, त्यामुळे टाळ्यांच्या गजरात मला दाढी करायचं इलेक्ट्रिक यंत्र देण्यात आलं. फोटो काढला. तो फोटो कंपनीच्या अंतर्गत मासिकात आला, 'महिला सबलीकरण' या मथळ्याखाली, हातात दाढीचं यंत्र.

पाहुणे जेवताना माझ्या शेजारी बसले. पट कुठे शिकलात, विचारलं. सतरंजी, टंबलर, सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले. मग विचारलं, कारखान्यात काय करता?

"मोजते," मी म्हणाले.

"कुठे?"

मी गप्प राहू शकले असते. समोर साहेब पायसम ढवळत होते. "प्रेस शॉपच्या शेजारी," मी सांगितलं.

त्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "शेजारी?"

"भिंतीला भिंत."

सोमवारी सकाळी कॉन्फरन्स रूममध्ये न जाता ते थेट माझ्या खोलीत आले. साहेब आणि दोघे प्रमुख मागे. मी काही भाषण केलं नाही. एक तुकडा टेबलावर लावला आणि मापयंत्राच्या काट्याकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे ठोका पडला, काटा उडाला. परत ठोका, परत काटा. पाहुण्यांनी टेबलावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, डॉक्टर नाडी बघतो तसा. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "इथे कोणी आणली ही खोली?"

साहेबांनी खरेदीप्रमुखांकडे पाहिलं. खरेदीप्रमुखांनी फायनान्सकडे. फायनान्सप्रमुखांनी काट्याकडे पाहिलं, जणू काटाच काहीतरी सांगेल. सातव्या ग्रीनचं नाव कोणी घेतलं नाही.

पोंगलच्या सुट्टीनंतर माझी खोली जुन्या जागी परत आली. पाहुण्यांच्या दालनातले मऊ सोफे कँटीनबाहेर गेले. आता दुसऱ्या पाळीचे कामगार बस येईपर्यंत त्यांवर पाय पसरून झोपतात. त्या सोफ्यांचा याहून चांगला उपयोग कोणाला सुचला नसता. साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवली: अचूक मोजमापासाठी शांत जागा असावी, हा आपला सुरुवातीपासूनचा आग्रह होता, आणि तो प्रत्यक्षात आल्याचा आपल्याला आनंद आहे. खाली पहिलं उत्तर खरेदीप्रमुखांचं होतं. 'व्हिजनरी, सर.' मी लिहिलं, 'नोटेड.'

माझी माणसं खूश झाली. आमची सर्वांत जुनी इन्स्पेक्टर, एक तमिळ बाई, पहिल्या दिवशी खोलीत शिरली आणि मधोमध उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मॅडम, किती शांत आहे. माझ्याच श्वासाचा आवाज येतोय."

शनिवारची चौकडी मोडली. साहेबांनी पाठीचं दुखणं जाहीर केलं; डॉक्टरांनी गोल्फला मनाई केली म्हणे. आता ते पिकलबॉल खेळतात. टेबल-टेनिस आणि बॅडमिंटन यांचं लग्न लागलं तर जे होईल ते, आणि सध्या चेन्नईत ज्याला त्याला त्याचं वेड. फायनान्सप्रमुखांनी मला खासगीत सांगितलं, "मॅडम, तुम्हीही या. नाहीतर मग सोमवारीच कळेल तुम्हाला सगळं." एकदा बघायला गेले. साहेबांनी मारलेला चेंडू रेषेच्या चांगला हातभर बाहेर पडला आणि पलीकडून खरेदीप्रमुख ओरडले, "इन, सर! क्लीन इन!" मी लिंबूसरबत प्यायले आणि घरी आले.

तिथे मी जात नाही, आणि त्याची किंमतही मोजते. मार्चमध्ये बढत्या झाल्या. माझं नाव त्यांत नव्हतं. कारण विचारलं तर सांगितलं, तुम्ही टीममध्ये फारशा मिसळत नाही. वाईट वाटलं. नवऱ्याने नोकरी बदल म्हटलं. सासूबाईंनी माझ्या साहेबांसाठी एक जुना तंजावरी शब्द वापरला. त्याचा अर्थ नवऱ्यालाही माहीत नव्हता, पण त्यांचा चेहरा बघून आम्ही तो पुन्हा विचारला नाही.

गोल्फ मात्र चालू आहे. रविवारी पहाटे मी बँकेतून निवृत्त झालेल्या दोन बायकांबरोबर खेळते. त्यांच्यातली एक चेंडू हुकला की तमिळमध्ये अशा शिव्या देते, की मोर उडून जातात. दुसरीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती नेहमी प्रसन्न असते. तिथे कोणी कोणाला काही देत नाही. वीतभर राहिला तरी मारायचा. परवा माझा तसाच एक हुकला आणि दोघी इतक्या हसल्या की मागच्या गटाने खेळ थांबवला.

हँडिकॅप बावीसवर अडकलाय. पटिंगने जेवढा उतरायचा तेवढा उतरला. आता याहून खाली यायचं तर लांब मारायला शिकावं लागेल. गुरुजी म्हणतात, कंबर वळवा. मी म्हणते, बघू, पावसाळ्यानंतर.